सावडीला बंद नव्हता

कौसा गेल्याचं मला नारायणगावच्या स्टँडवर कळलं, आणि तेही मला कुणी मुद्दाम सांगितलं म्हणून नाही. मी पिंपळवंडीच्या जीपमध्ये मधल्या सीटवर बसले होते, मांडीवर ह्यांच्या औषधांची पिशवी, आणि ड्रायव्हर जीप भरायची वाट बघत बाहेर उभा होता. मागच्या बाजूला दोघी बाया चढल्या. एक आमच्याच गावच्या खालच्या वस्तीवरची, दुसरी तिची कुणी पाहुणी असावी. पाहुणीनं विचारलं, "आज कामाला न्हाई गेली तू?" तशी ती म्हणाली, "कौसाकाकी गेली ना पहाटं. निम्म्या थांबल्या, निम्म्या गेल्या. गाडी आली व्हती म्हणून गेल्या." मी मान वळवून मागे बघितलं. तिनं मला ओळखलं आणि ती बाहेर बघायला लागली. पिंपळवंडीच्या फाट्यापर्यंत मलाही विचारायचा धीर झाला नाही. घरी आल्यावर पिशवी तशीच ओट्यावर टाकली आणि वस्तीवर गेले. पारगावला दिलेली तिची लेक यायची होती, तोवर तिला तसंच ठेवलं होतं. मी कडेला उभी राहिले... बायांनी मला पुढे ये म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही.

याला आता दीड महिना होऊन गेला. पेपरच्या पुरवणीत लिहायला मी काही लेखिका नाही. बारावीपर्यंत शिकले, लग्न झालं आणि पुढची सगळी अक्कल रानात आली. माझा स्वभावही फटकळ, गोडगोड लिहिणं मला जमायचं नाही. पण कौसावर दुसरं कुणी लिहिणार नाही हे मला माहीत आहे. तिच्या नावानं कधी बोर्ड लागला नाही, पेपरात फोटो आला नाही, आणि तिनं ज्यांच्यासाठी एवढी खटपट केली त्यातल्या निम्म्या जणी ती मेली त्या दिवशीही पिकअपमध्ये बसून कामाला गेल्या. मी त्यांना नावं ठेवत नाही. नावं ठेवायचा अधिकार असलाच तर तो माझ्याबद्दल त्यांना आहे, आणि तो का, हेच मला इथं लिहायचं आहे.

आम्ही दोघी एकाच वर्षी लग्न होऊन पिंपळवंडीत आलो. मी बागायतदाराच्या घरात आणि ती आमच्याच सालगड्याच्या घरात. ती मला वहिनी म्हणायची, मी तिला कौसा. वयानं ती माझ्यापेक्षा चार महिन्यांनी मोठी होती हे मला फार उशिरा कळलं, तरी मी कौसाच म्हणत राहिले. तिच्या सासऱ्याच्या वाटणीतलं अर्धा एकर रान तिच्याकडे होतं, त्यामुळे आमची सावड चालायची. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, सावड म्हणजे आज तुम्ही आमच्या रानात राबायचं, उद्या आम्ही तुमच्या. त्यात मजुरी नाही, वेळ नाही, हातातलं काम संपलं की सावड संपली. सावडीला बोलावलं आणि कुणी आलं नाही असं आमच्याकडे होत नाही. भावाभावांत बोलणं बंद असलं तरी माणूस सावडीला येतो, मुकाट्यानं काम करून जातो. कौसाचं अर्धा एकर एका दिवसात उरकायचं. आमच्या रानात ती चार-पाच दिवस यायची. हे बरोबरीचं नाही असं मला कधी वाटलं नाही, आणि तिनं कधी बोलून दाखवलं नाही. कांदा लावताना तिचा हात असा चालायचा की बघत राहावं. मी एक वाफा पुरा करेपर्यंत ती दुसऱ्याच्या मध्यावर असायची आणि तिथून ओरडायची, "वहिनी, तुमचा कांदा उन्हाळ्यात काढायचा का पुढच्या दिवाळीला?" सगळ्या बाया हसायच्या. मला राग यायचा, पण तो तेवढ्यापुरता.

पुढे नवरा गेल्यावर ती टोळीची मुकादमीण झाली. म्हणजे बागायतदार तिला फोन करायचे, ही दहा-पंधरा बाया गोळा करायची आणि पिकअप त्यांना उचलून न्यायचा. टोमॅटो, द्राक्षं, कांदा, वर्षभर काही ना काही असायचंच. बाया तिला मानायच्या, कारण ती कुणाला उगीच गाळायची नाही. एखादीला कणकण असली तर "तू बस, जुड्या बांध" म्हणायची आणि तिचा वाफा स्वतः लावायची. तोपर्यंत संघटना, हक्क असले शब्द तिच्या तोंडात नव्हते. ते आले सुमनच्या वेळी. थंडीतली कांद्याची लागण चालू होती. त्या रानाच्या मालकानं अंधार पडेपर्यंत बायांना थांबवलं, गाडीवाल्यानं सगळ्यांना नेहमीप्रमाणे फाट्यावर सोडलं आणि तो निघून गेला. फाट्यापासून वस्तीपर्यंत दोन्ही बाजूंनी ऊस. सुमन टोळीतली सगळ्यात मागं चालणारी, पायात मोडलेली चप्पल. बिबट्यानं तिला मागून धरलं. बायांनी आरडाओरडा केला, डबे आपटले, म्हणून ती वाचली, पण उजवा हात खांद्यातून अधू झाला तो झालाच. आता तो हात तिला डोक्यापर्यंत नेता येत नाही, वेणी सून घालते.

मालक दवाखान्यात येऊन गेला, फळं देऊन गेला. जाताना म्हणाला, की सुट्टी झाल्यावर काय होतं त्याला आम्ही कसे जबाबदार? तिथं कौसा उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "दादा, सुट्टी झाली कुठं? बाई घरला पोचली न्हाई तवर सुट्टी कसली?" तो गाडी काढून निघून गेला. कौसानं मात्र ते वाक्य धरलं ते सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे कागद घेऊन आली. तिला लिहिता येत नव्हतं. म्हणाली, "वहिनी, दोनच गोष्टी लिवा. थंडीच्या दिसांत पाचला सुट्टी. आन् गाडी फाट्यावर न्हाई, वस्तीवर देवळापाशी सोडंल." मी म्हटलं, मजुरी वाढवायचं लिहू का, कागद मोकळा आहे. तर हसून म्हणाली, "मजुरी पोटाची, ती मागनं बघू. हे जिवाचं हाय, ते येगळं ठिवा." माझ्या अक्षरात तो अर्ज सगळ्या बागायतदारांकडे गेला. ह्यांना कळलं तेव्हा घरात दोन दिवस अबोला होता. "आपल्याच विरुद्ध अर्ज लिहिणारी तू पहिलीच," असं ते म्हणाले, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

कौसानं सभा अशी कधी घेतली नाही. तिची पद्धत वेगळी होती. ती दुसऱ्या टोळीच्या रानात जायची, त्यांच्या वाफ्यात बसायची, हात चालू ठेवायचा आणि बोलायचं. मालक लांबून बघायचा तर त्याला एक बाई जास्तीची काम करताना दिसायची, तो कशाला हरकत घेतोय? अशानं तिनं पाच-सहा गावांतल्या टोळ्यांना पाचचं वेड लावलं. पारगावच्या बाजूला ऊसतोड्यांच्या कोपींवर, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांवर गेली, नारायणगावात धुणीभांडी करणाऱ्या बायांकडे गेली. त्यांना तर सुट्टी हा शब्दच नवा होता. आणि ती ज्या रानात असेल तिथं पाच वाजले की उठून उभी राहायची. काही बोलायची नाही. लुगड्याची माती झटकायची आणि उभी. एक उठली, दुसरी उठली, मग सगळ्या. पहिल्या थंडीत काही बागायतदारांनी मानलंसुद्धा. आमच्याकडेही पाचलाच सुटायचं. हे कुरकुरायचे, पण वस्तीपर्यंत गाडी पाठवायचे. ते एक वर्ष मला वाटलं होतं की हे असंच राहील.

पुढच्या वर्षी पाऊस लांबला, सगळ्यांचं रोप एकदम तयार झालं, आणि एकदम तयार झालं की एकदम पिवळं पडतं. सगळ्यांनाच घाई. बागायतदारांची बैठक झाली आणि ठरलं की पाचबिच काही नाही, दिवस मावळेपर्यंत काम, गाडी फाट्यापर्यंत. कौसानं वस्तीवरच्या देवळापुढं बायांना बोलावलं. मीही गेले होते, कडेला ओट्यावर बसले होते. ठरलं, की मान्य होईपर्यंत कुणीही पिकअपमध्ये चढायचं नाही. एक टोळी नाही की दोन नाहीत, सगळ्या. वेळ बायांच्या बाजूला होती, कारण रोप थांबत नाही. तेवढ्यात एका म्हातारीनं विचारलं, "आन् सावडीचं काय?" कौसा म्हणाली, "सावड म्हंजे काय मजुरी हाय का? सावडीला बंद न्हाई. आपल्यातली सावड मोडायची न्हाई." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. सावड मोडणं म्हणजे नातं मोडणं, हे कुणाला समजावून सांगायची गरजच नव्हती. त्या देवळापुढे बसलेल्या एकीलाही ते वेगळं वाटलं नाही, आणि तिथंच सगळं गेलं.

तीन दिवस एकही पिकअप भरला नाही. गाडीवाले फाट्यावर हॉर्न वाजवून परत जायचे. तिसऱ्या दिवशी दुपारी हे रानातून आले, हातात रोपाची एक जुडी, शेंडे पिवळे पडलेले. माझ्यापुढे टाकली आणि म्हणाले, "तुझी सावड आहे ना तिच्याकडं? माग." आदल्या महिन्यात मी कौसाच्या अर्ध्या एकरात एक दिवस गेले होते, तेव्हा माझी सावड होती हे खरं. पण मला कळत होतं मी काय मागणार आहे ते. मला कळत नव्हतं असं मी कुणालाही सांगणार नाही. तरी मी गेले. कौसा भाकरी थापत होती. मी उंबऱ्यातच उभी राहून म्हटलं, "कौसा, माझी सावड आहे तुझ्याकडं." तिचा हात थांबला. ती माझ्याकडं बघत राहिली... नाही म्हणेल असं मला वाटलं, खरं तर म्हणावं असंही वाटलं. मग तिनं पिठाचा हात पुसला आणि म्हणाली, "येते वहिनी. सावड हाय म्हणल्यावर काय."

आमचं रान रस्त्याला लागून. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आणि तिची सून आमच्या वाफ्यात बसल्या होत्या, आणि रस्त्यानं जाणाऱ्या एका गाडीवाल्यानं फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, बंदवाली बाई स्वतः कामाला हजर. संध्याकाळपर्यंत गावात प्रत्येकाला सावड आठवली. कुणी म्हणाला, तुझ्या नवऱ्याला मी बैल दिले होते, ती सावड समज. कुणी म्हणाला, तुझ्या पोरीच्या लग्नात आमची माणसं राबली, ती धर. ज्या बायांचं बोटभर रान नव्हतं त्यांच्याकडूनही सावड मागितली गेली, आणि सावड म्हटल्यावर नाही म्हणायची कुणाची जीभ उचलली नाही. वरून संध्याकाळी हातात पैसेही ठेवले, म्हणजे तक्रार नको. सावडीला पाच वाजत नाहीत. दुसऱ्या दिवसापासून बाया काळोख पडल्यावर वस्तीवर जाऊ लागल्या, चालत, कारण सावडीला गाडीही नसते. आठवडाभरात सगळ्या गावाची लागण उरकली. बंद मोडला असंही कुणाला म्हणता आलं नाही, इतका तो मोडला होता.

आमचं काम सुरू झालं त्या पहिल्या दिवशी पाच वाजता मी कौसाकडं चोरून बघत होते. ती उठली नाही. सगळं रोप संपेपर्यंत खाली मान घालून लावत राहिली. नंतर मी एकदा विषय काढायचा प्रयत्न केला. "कौसा, त्या दिवशी मी यायला नको होतं," असं काहीतरी म्हटलं. ती म्हणाली, "तुमी काय वाईट न्हाई केलं. सावड व्हती ती." तिनं मला दोन शिव्या हासडल्या असत्या तर मला बरं झालं असतं. तिनं माझ्याशी बोलणं सोडलं नाही, येणं-जाणं सोडलं नाही, पण पुन्हा कधी सावडीला बोलावलं नाही. तिचं अर्धा एकर ती आणि सून दोघीच उरकू लागल्या, चार दिवस लागले तरी.

पिकअपवाल्यांनी तिच्यासाठी थांबणं बंद केलं. टोळी दुसरीकडे गेली. सुमनच्या घरच्यांनीसुद्धा तिला टाळलं, ते मला सगळ्यात लागलं. कौसा मग नारायणगावला बंगल्यांतून भांडी घासायला जायला लागली. तिथंही चार बायांना जमवून आठवड्याला एक सुट्टी मागितली. चार घरांनी मिळून चौघींना एकाच दिवशी काढलं. बाकीच्या तिघींनी जाऊन माफी मागितली आणि त्यांना परत घेतलं. हे तिनं मला हसत हसत सांगितलं होतं. "त्यांचं काय चुकलं, वहिनी? त्यांना घर चालवायचं हाय." मला चीड आली होती. मी म्हटलं, तुला कुणाचाच राग कसा येत नाही गं? तर म्हणाली, "येतो की. पर राग धरून कुणाच्या दारात जाऊ?" आणि ती तेव्हा माझ्याच दारात बसली होती.

दसऱ्याच्या आधी तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं. मी मोसंबी घेऊन गेले. खाटेवर पडली होती, सून बाजूला बसून ज्वारी निवडत होती. कौसाचे शब्द नीट येत नव्हते, सून ऐकून सांगायची. तिनं विचारलं, "रोप टाकलं का?" म्हटलं, टाकलं. मग बराच वेळ तोंड हलत राहिलं. सून म्हणाली, "आई इच्यारत्यात, यंदा लागणीला बायांना कितीला सोडणार?" मी तिचा डावा हात धरला आणि म्हटलं, "पाचला. आमच्या रानात पाचलाच सोडीन, कौसा. देवळापर्यंत गाडी पाठवीन." तिनं डोळे मिटले. बरं म्हणाली की नाही, मला कळलं नाही, सुनेनंही सांगितलं नाही. ती आमची शेवटची भेट.

गेल्या आठवड्यात आमच्याकडे लागण झाली. लांबच्या गावची टोळी, सगळ्या तरुण, कौसाला ओळखणारी एकही नाही. मी सकाळीच ह्यांना सांगून टाकलं होतं की पाचला सोडायचं. ह्यांनी वाद घातला नाही, कशाला घालतील? पाच वाजले तशी मी बांधावरून उठले, लुगडं झटकलं आणि मोठ्यानं म्हटलं, "सुटा गं बायांनो, पाच वाजले." एकीनंही मान वर केली नाही. मला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून वाफ्यात उतरून पुन्हा सांगितलं. तशी त्यांची मुकादमीण, जेमतेम तिशीची असेल, हात न थांबवता म्हणाली, "काकू, तुमी चांगल्या हाय म्हणून सांगते. पाचला सुटणारी टोळी म्हणून नाव झालं ना, तर परवापासून गाडी दुसरी टोळी उचलंल. तुमी आत जावा. आन् पाचला सोडते असं कुणाला सांगू नका." मी त्यांच्यावर ओरडायला पाहिजे होतं, पाटी हिसकून घ्यायला पाहिजे होती, काहीतरी करायला पाहिजे होतं. खरं सांगते, मी उभी राहून वाफे बघितले, चारच राहिले होते, आणि मला बरं वाटलं. दिवस मावळला. पलीकडचा ऊस काळा दिसायला लागला तसे हे ट्रॅक्टर घेऊन आले, बांधावर आडवा लावला आणि त्याचे दिवे बायांच्या अंगावर सोडले, दिसावं म्हणून. त्या उजेडात एकीनं माझ्याकडं न बघताच हात मागं केला आणि म्हणाली, "काकू, जुडी द्या." मी दिली.